र्‍युइची साकामोतो : अल्बम आणि चित्रपट एकत्र ऐकताना

र्‍युइची साकामोतो या जपानी संगीतकाराचं नाव आपल्यापैकी बहुतेकांना चित्रपटामुळे कळतं. ‘द लास्ट एम्परर’ किंवा ‘द रेव्हनंट’ पाहिलेला असतो, नाहीतर ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ची पियानोवरची धून कुणीतरी मोबाइलवर पाठवलेली असते. धून आवडते म्हणून ऐकणारा त्यांचा एखादा अल्बम शोधून लावतो, आणि नेमका लागतो ‘बी-टू युनिट’ किंवा ‘व्हरिऊन’. त्यात गुणगुणावी अशी चाल नसते. ठोके तुटक असतात, मध्येच खरखर येते, मध्येच बराच वेळ काहीच वाजत नाही. दहा मिनिटांत तो अल्बम बंद होतो आणि ऐकणारा पुन्हा त्या धुनेकडे जातो.

अशा वाचकांसाठी हा लेख आहे. साकामोतो यांचे प्रयोग आणि त्यांचं चित्रपटसंगीत अशी दोन वेगळी खाती मांडली, की दोन्ही अर्धीच कळतात. एका काळातला प्रयोग आणि त्याच काळातला चित्रपट शेजारी ठेवून ऐकले, तर एकात शोधलेली गोष्ट दुसऱ्यात कामाला लागलेली स्पष्ट ऐकू येते.

थोडक्यात ओळख

जन्म 17 जानेवारी 1952, टोकियो. वडील साहित्याच्या क्षेत्रातले नावाजलेले संपादक. लहानपणापासून पियानो, आणि किशोरवयात फ्रेंच संगीतकार द्यबुसी यांचं वेड. पुढे टोकियोच्या राष्ट्रीय कला व संगीत विद्यापीठात त्यांनी रचनाशास्त्राचं शिक्षण घेतलं. तिथे दोन गोष्टींनी त्यांना धरून ठेवलं. एक, इलेक्ट्रॉनिक वाद्यं. दुसरी, जगभरच्या लोकांचं पारंपरिक संगीत. फुमिओ कोइझुमी या संगीत-अभ्यासकाची व्याख्यानं त्यांनी तिथेच ऐकली. यंत्राचा आवाज आणि दूरदेशीचा सूर यांची त्यांच्या संगीतात वारंवार पडणारी गाठ विद्यार्थीदशेतलीच आहे.

1978 साली ‘थाउजंड नाइव्ह्ज’ हा पहिला स्वतंत्र अल्बम आला. त्याच वर्षी हारुओमी होसोनो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्याबरोबर ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ हा गट उभा राहिला. सिंथेसायझर आणि संगणकी ठोक्यांवर नाचायला लावणारं हे संगीत जपानमध्ये अफाट गाजलं. साकामोतो रस्त्यावर ओळखले जाऊ लागले आणि त्यांना ते अजिबात रुचलं नाही.

‘बी-टू युनिट’ : लोकप्रियतेला पाठ

गट ऐन भरात असताना, 1980 साली, त्यांनी ‘बी-टू युनिट’ काढला. गटाच्या गोड, चकचकीत आवाजाच्या उलट्या टोकाचं हे काम आहे. डेनिस बोव्हेल हे डब संगीतातले जाणते ध्वनिमुद्रक त्यात सहभागी होते. डबमध्ये तयार गाणं पुन्हा मिक्सिंगच्या टेबलावर घेतात, त्यातले थर काढून टाकतात, उरलेल्यांना प्रतिध्वनी देतात आणि रिकाम्या जागेलाच वाद्यासारखं वापरतात. साकामोतो यांनी ही युक्ती पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आवाजांवर लावून पाहिली.

त्यातला ‘रायट इन लागोस’ हा तुकडा आधी ऐकावा. आफ्रिकी तालांची ओढ त्यात स्पष्ट आहे. पण ताल धरायला गेलं की तो निसटतो, कारण प्रत्येक आवाजाची सुरुवात आणि शेवट थोडा विद्रूप केलेला आहे. ठोका कुठे पडला यापेक्षा तो कशाचा बनलाय, कापडाचा की पत्र्याचा की पाण्याचा, याकडे कान जातो. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या हिप-हॉप आणि इलेक्ट्रो संगीतकारांनी हा तुकडा उचलून धरला, तो याच पोतामुळे. पहिल्यांदा ऐकताना तो कोरडा वाटेल. बाकीचे सगळे आवाज सोडून एकाच आवाजाचा पाठलाग केला, तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो उघडतो.

जावातल्या छावणीतला ख्रिसमस

दिग्दर्शक नागिसा ओशिमा यांनी साकामोतो यांना चित्रपटात अभिनयासाठी बोलावलं. साकामोतो नट नव्हते. संगीतही मलाच करू द्या, या अटीवर ते तयार झाले आणि दिग्दर्शकानं ती अट मान्य केली. 1983 सालचा ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ हा त्यांचा पहिला संगीतबद्ध चित्रपट. 1942 सालची जावा बेटावरची, जपान्यांनी युद्धकैद्यांसाठी चालवलेली छावणी, तिथला कॅप्टन योनोई म्हणजे स्वतः साकामोतो, आणि कैदी सेलियर्स म्हणजे डेव्हिड बोवी. संगीतासाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

ही धून आज जगभर पियानोवर वाजवली जाते, त्यामुळे मूळ चित्रपटात ती बव्हंशी सिंथेसायझरवर आहे हे विसरायला होतं. घंटेसारखे, किंचित ओलसर वाटणारे सूर, आणि खाली स्थिर राहणारा इलेक्ट्रॉनिक थर. सूर मोजके, पूर्वेकडच्या पाच सुरांच्या वळणाचे. खालची स्वरसंगती मात्र द्यबुसीच्या घरातली. जपानी माणसाला ते परकं वाटावं आणि पाश्चात्त्यालाही, कुठल्याच एका देशाचं वाटू नये, असा साकामोतो यांचा प्रयत्न होता. गोष्टच तशी आहे: दोन बाजूंची माणसं एकमेकांना समजू शकत नाहीत आणि तरी ओढली जातात. शेवटच्या दृश्यात नट ताकेशी कितानो यांचा चेहरा पडदाभर येतो आणि धून सुरू होते. तिथे संगीत रडत नाही. घंटांचा थंडपणा तसाच राहतो, म्हणून ते दृश्य इतकं लागतं.

‘बी-टू युनिट’ आणि हा चित्रपट यांच्यात तीनच वर्षांचं अंतर आहे. वाद्य काय वाजवतंय याइतकंच ते कशासारखं वाजतंय हे महत्त्वाचं, ही दृष्टी प्रयोगातून पडद्यावर आली. फक्त इथे तिला चाल मिळाली.

बर्तोलुच्ची यांच्याबरोबर

बर्नार्दो बर्तोलुच्ची यांच्या ‘द लास्ट एम्परर’मध्येही (1987) साकामोतो आधी नट म्हणून गेले. चित्रीकरण चालू असतानाच राज्याभिषेकाच्या प्रसंगासाठी संगीत हवं म्हणून त्यांना चीनमध्ये घाईनं रचना करावी लागली. पुढे पूर्ण संगीताची मागणी आली ती दोन आठवड्यांच्या मुदतीनं. तेवढ्या वेळात त्यांनी चाळीसहून अधिक तुकडे रचले, आणि तयार चित्रपट पाहिला तेव्हा त्यातले बरेच वगळलेले किंवा भलत्याच जागी लावलेले होते. डेव्हिड बर्न आणि त्सोंग सू या सहसंगीतकारांसह साकामोतो यांना या संगीतासाठी ऑस्कर मिळालं.

‘द शेल्टरिंग स्काय’च्या (1990) वेळचा एक किस्सा साकामोतो यांनी ‘कोडा’ या माहितीपटात सांगितला आहे. वादक वाद्यं घेऊन बसलेले, आणि बर्तोलुच्ची म्हणाले की सुरुवात आवडली नाही, आत्ता बदला. साकामोतो यांनी नकार दिला, तेव्हा संगीतकार मोरिकोने तर असं करून देतात, असं दिग्दर्शकानं सुनावलं. अर्ध्या तासात नवी सुरुवात लिहून झाली.

तिसरा चित्रपट ‘लिटल बुद्धा’ (1993). आपल्या कानांना त्यात एक ओळखीची जागा सापडते: ध्वनिमुद्रिकेवर ‘राग किरवाणी’ आणि ‘राग नायकी कान्हडा’ या नावांचे तुकडे आहेत. वाद्यवृंदाच्या भरघोस लाटांमध्ये रागाचं असं येणं मला थोडं तुटक वाटतं, दोन संगीतं शेजारी बसतात, पण एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. तरी हा चित्रपट ऐकावा, तो त्याच्या शेवटच्या लांब रचनेसाठी. बर्तोलुच्ची तिच्यात पुन्हा पुन्हा अधिक दुःख मागत राहिले, आणि पुरेसं दुःखी झाल्यावर म्हणाले की आता यात आशाच उरली नाही.

या तीन चित्रपटांमुळे ‘भव्य वाद्यवृंदाचा संगीतकार’ असा शिक्का बसू शकला असता. पण 1998 साली त्यांनी ‘लव्ह इज द डेव्हिल’ला संगीत दिलं. चित्रकार फ्रान्सिस बेकन यांच्यावरचा हा चित्रपट, आणि संगीत जवळजवळ सगळं इलेक्ट्रॉनिक: घासलेले, बधिर, श्वास कोंडणारे आवाज. त्यात धून शोधू नये. बेकनच्या चित्रांत चेहरे जसे पुसटून वितळतात तसे इथे सूर वितळतात.

पियानोचा सूर मरतो कसा

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या भागाकडे येतो. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. त्या क्षणी आवाज सर्वांत मोठा असतो आणि लगेच विरायला लागतो. वरच्या पट्टीतला सूर लवकर जातो, खर्जातला बराच रेंगाळतो, पण जातोच. वादक त्याला वाढवू शकत नाही. व्हायोलिन किंवा बासरी वाजवणाऱ्याला ही अडचण नाही. आपल्याकडे सतार-सरोदवाले तारेची आस सांभाळून तिच्यावर मींड घेतात. पियानोवाल्याला तेही करता येत नाही. साकामोतो यांना उतारवयात या विरण्यानं झपाटलं. न संपणारा सूर ही कल्पना त्यांच्या बोलण्यात वारंवार येऊ लागली.

याच सुमारास जर्मन कलावंत कार्स्टेन निकोलाई यांच्याशी त्यांची जोडी जमली. निकोलाई ‘आल्व्हा नोटो’ या नावानं संगीत करतात आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे साइन लहर. साइन लहरीत एकच कंप्रता असते, उपस्वर नसतात. यंत्र बंद करेपर्यंत ती जशीच्या तशी राहते, म्हणजे पियानोच्या नेमकी उलट. साकामोतो पियानोचे तुकडे मुद्रित करून पाठवत. निकोलाई त्यांतला कधी हातोडीचा आघात कापून टाकत, कधी फक्त शेपूट ताणत, कधी बारीक टिचक्यांची नक्षी त्यावर बसवत. 2002 ते 2011 या काळात असे पाच अल्बम झाले: ‘व्हरिऊन’, ‘इन्सेन’, ‘रेव्हेप’, ‘यूटीपी’ आणि ‘सुम्व्हस’.

‘व्हरिऊन’ लावताना त्याच्याकडून गाण्याची अपेक्षा ठेवू नये. पियानोचा एक स्वरसमूह पडतो. तो विरत असताना त्याच्या जागी कधी दुसरं काहीतरी आलं हे लक्षात येत नाही. पियानो संपला कुठे आणि यंत्र सुरू झालं कुठे, ती सीमा शोधत राहणं हाच ऐकण्याचा आनंद आहे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना हे जड जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. एका सुरावर थांबणं, षड्ज लागल्यावर पुढची घाई नसणं, तानपुऱ्याच्या गुंजनात कान मुरवणं, ही सवय आपल्याला आहे. फरक एवढाच, की इथे पुढे बढत नाही. समेवर येण्याचं सुख मिळणार नाही, ते मनातून काढून टाकावं लागतं.

‘आउट ऑफ नॉइज’ (2009) हाही याच वाटेवरचा. त्यासाठी ते आधीच्या वर्षी ग्रीनलंडला गेले होते. हिमनदीच्या वितळत्या पाण्यात त्यांनी पाण्याखालचा मायक्रोफोन सोडला आणि तो प्रवाह मुद्रित केला. पण सुरुवातीचा ‘हिबारी’ हा तुकडा मला अधिक आवडतो: पियानोचं एकच छोटं वाक्य दोनदा, एकमेकांवर किंचित सरकवून, पुन्हा पुन्हा. दर फेरीला दोन्हींतलं अंतर बदलतं आणि तेच सूर नवं काही बोलू लागतात.

‘द रेव्हनंट’ : थंडीतलं संगीत

2014 साली साकामोतो यांना घशाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. ते उपचारांतून सावरत असताना ‘द रेव्हनंट’चे दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितू यांचं बोलावणं आलं. एकट्याला झेपणार नाही म्हणून त्यांनी निकोलाई यांना बरोबर घेतलं. शिवाय संगीतकार ब्राइस डेसनर यांच्याही रचना आहेत. अनेकांनी मिळून केलेलं संगीत म्हणून ऑस्करच्या स्पर्धेत ते अपात्र ठरलं, ही तांत्रिक बाब. चित्रपटसंगीत म्हणून गेल्या काही दशकांतल्या उत्तम कामांत मी त्याची गणना करतो.

मुख्य धून म्हणजे तंतुवाद्यांचे दोन-तीन संथ स्वर, मग शांतता, पुन्हा तेच, पुन्हा शांतता. दहा वर्षं निकोलाईंबरोबर जे केलं ते सगळं त्यात आहे. फक्त पियानोच्या जागी वाद्यवृंद आला आणि साइन लहरींच्या जागी खोल, थरथरणारा इलेक्ट्रॉनिक तळ. चित्रपटात वारा, बर्फावरची पावलं आणि जखमी माणसाचा श्वास सतत ऐकू येतो. संगीत त्यांच्यावर चढत नाही. दोन स्वरांमधली जागा वाऱ्यासाठी मोकळी सोडलेली असते. ‘व्हरिऊन’ ऐकून मग हा चित्रपट पाहिला, तर ती मोकळी जागा रचलेली आहे हे समजतं.

‘एसिंक’ : न बनलेल्या चित्रपटाचं संगीत

2017 सालचा ‘एसिंक’ हा त्यांचा माझ्या मते सर्वश्रेष्ठ अल्बम. दिग्दर्शक तारकोव्हस्की यांच्या, कधीच न बनलेल्या चित्रपटासाठीचं संगीत अशी कल्पना त्यांनी मनाशी धरली होती. ‘सोलारी’ हा तुकडा सरळच त्यांच्या ‘सोलारिस’ या चित्रपटाची आठवण करून देतो. नावात सुचवल्याप्रमाणे वाद्यं एकमेकांशी ताल जुळवत नाहीत. प्रत्येक आपल्या चालीनं चालतं.

‘आंदाता’ने सुरुवात होते: पियानोवर एक स्तोत्रासारखी चाल, मग तीच ऑर्गनवर, आणि तिच्याभोवती हळूहळू जमा होणारी खरखर. ‘वॉकर’मध्ये चालण्याचे आवाज आहेत. ‘फुलमून’मध्ये कादंबरीकार पॉल बोल्स यांचा आवाज आहे, ‘द शेल्टरिंग स्काय’ चित्रपटातून घेतलेला. माणूस आयुष्यात अजून किती वेळा पूर्ण चंद्र पाहील, असं काहीसं ते बोलतात. मग तोच उतारा वेगवेगळ्या भाषांतून, वेगवेगळ्या आवाजांत येतो. इटालियनमधला आवाज बर्तोलुच्ची यांचा आहे. सत्तावीस वर्षांपूर्वीचा चित्रपट प्रयोगाच्या आत येऊन बसला, आणि तेही आजारातून उठलेल्या माणसाच्या अल्बममध्ये.

याच अल्बममध्ये एक बिघडलेला पियानो आहे. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत मियागी प्रांतातल्या नातोरी इथल्या कृषी विद्यालयात पाणी शिरलं, तेव्हा तिथला पियानो बुडाला. साकामोतो तो पाहायला गेले. पट्ट्या अडकत होत्या, तारा उतरल्या होत्या. सुरुवातीला त्यांना ते प्रेत वाटलं. नंतर त्यांचं मत बदललं: लाकूड आणि तारा माणसानं जबरदस्तीनं ताणून सुरात आणलेल्या असतात, लाटेनं त्यांना निसर्गाच्या सुरात परत नेलं. आपल्या कानाला जो सूर ‘लागलेला’ वाटतो तो किती माणसानं ठरवलेला आहे, हा प्रश्न त्यांनी त्या तुटक्या वाद्यावर वाजवून विचारला. हे सगळं ‘कोडा’ या 2017 सालच्या माहितीपटात पाहता येतं. त्यात एका जागी पाऊस कसा वाजतो हे ऐकण्यासाठी ते डोक्यावर प्लास्टिकची बादली घेऊन बाहेर उभे राहतात. वयाची साठी ओलांडलेल्या, ऑस्कर मिळवलेल्या माणसाची ही जिज्ञासा मला फार मोलाची वाटते.

ऐकायचं कसं

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये. खर्जाचे आणि अगदी हळू आवाज त्यात येतच नाहीत, आणि साकामोतो यांचं निम्मं काम तिथेच आहे. साधे हेडफोन चालतील. आवाज फार मोठा नसावा. काम करताना पार्श्वभूमीला लावलं तर ‘एसिंक’ नुसती कुरबुर वाटेल.

जोड्या लावून ऐकावं. ‘बी-टू युनिट’ आणि ‘मेरी ख्रिसमस’. ‘व्हरिऊन’, मग ‘द रेव्हनंट’, मग ‘एसिंक’. ज्यांना आधी चालच हवी आहे त्यांनी ‘बीटीटीबी’ (1998) हा पियानोचा अल्बम किंवा जुन इचिकावा यांच्या ‘टोनी ताकितानी’चं संगीत घ्यावं. त्यात केवळ पियानो आहे, पण सुरांमधल्या थांब्यांकडे लक्ष द्यावं. चित्रपट पाहताना एखादं दृश्य एकदा आवाज बंद करून पाहावं, मग आवाजासह. संगीत कुठे सुरू होतं यापेक्षा कुठे थांबतं ते टिपावं. ‘द रेव्हनंट’मध्ये हे फार शिकवून जातं.

शेवटची कामं

17 जानेवारी 2023 रोजी, त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी, ‘12’ हा अल्बम आला. दुसऱ्यांदा झालेल्या कर्करोगाच्या उपचारांदरम्यान रोजनिशीसारखे मुद्रित केलेले बारा तुकडे, आणि त्यांना नावं म्हणून फक्त तारखा. पहिला 10 मार्च 2021 चा आहे. काही ठिकाणी वाजवणाऱ्याचा श्वास स्पष्ट ऐकू येतो. तो त्यांनी पुसला नाही, पियानोइतकाच तोही ध्वनी आहे म्हणून ठेवला. 28 मार्च 2023 रोजी त्यांचं निधन झालं. हिरोकाझू कोरे-एदा यांच्या ‘मॉन्स्टर’साठी त्यांनी पियानोचे दोन नवे तुकडे दिले होते, बाकीचं संगीत त्यांच्याच आधीच्या अल्बमांतून घेतलेलं आहे. म्हणजे शेवटच्या चित्रपटात तर अल्बम हेच चित्रपटसंगीत झालं. त्यांचे पुत्र निओ सोरा यांनी ‘ओपस’ या चित्रपटात त्यांचं अखेरचं एकल वादन चित्रित केलं आहे: कृष्णधवल, वीस रचना, प्रेक्षक नाहीत. ‘मेरी ख्रिसमस’ची धून त्यातही आहे. वर सांगितलेले अल्बम ऐकून झाल्यावर ती तिथे ऐकावी. तीच धून, पण लय संथ झालेली आणि सुरांमधल्या जागा रुंदावलेल्या, ‘व्हरिऊन’मध्ये असतात तशा.